बाईंनी गाडी घेतली

आमच्या भिसेगावात एक निवृत्त शिक्षिका राहतात. गाडी चालवताना त्या चप्पल काढून ठेवतात आणि गिअर नीट पडला की गाडीला "शाब्बास" म्हणतात. आयुष्यभर घरातली म्हातारी गाडी सांभाळल्यावर त्यांना आता मनासारखी, दोन सीटची, वेगवान गाडी हवी होती. मला गाड्यांतलं सगळं कळतं ही अफवा मीच पसरवलेली, त्यामुळे त्या मला चौक गावाला घेऊन गेल्या.

तिथल्या जुन्या गाड्यांच्या दुकानात एक बुटकी लाल गाडी उभी होती. "इंजिन एक नंबर हाय, काकू. दगा देनार नाय," दुकानदार म्हणाला.

बाईंनी ती खालापूरच्या रस्त्यावर काढली आणि अशी पिटाळली की विचारू नका! त्या "शाब्बास, शाब्बास" करत हसत होत्या. मी दाराचं हँडल धरून कुलदैवताला बोलावत होतो.

उतरल्यावर त्यांनी विचारलं, "कशी वाटली हो?"

भ्यालो असं सांगवेना. म्हणालो, "पळते छान, पण भरवशाची नाही. इंजिनचा आवाज बरा नाही."

आवाज उत्तम होता.

"असं?" त्यांनी लाल टपावरून एकदा हात फिरवला आणि चप्पल घातली.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या दारात चार दारांची, पांढरी, शहाणी गाडी आली. बाई स्वतः पेढे घेऊन आल्या.

"तुमच्यामुळे वाचले हो. मी वेडी, त्या आवाजावरच भाळले होते."

"अहो, शेजारधर्म," मी म्हणालो आणि त्यांच्याकडे न बघता दुसरा पेढा उचलला.