डावखुऱ्या माणसाची रायफल

मी पोलिसांना खोटं सांगितलं. शब्दाला शब्द लावून बघितलं तर ते खोटं ठरणार नाही, आणि तेच जास्त वाईट आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

जपानमधल्या कावासाकी शहरातल्या आमच्या ऑफिसातली तीन नंबरची मीटिंग रूम. सकाळचे साडेदहा. समोर दोन पोलीस. एक पन्नाशीचे गृहस्थ, दुसरी वही उघडून बसलेली तरुण बाई. माझ्या शेजारी HR च्या हायाशी-सान, कारण कंपनीच्या नियमाप्रमाणे कोणीतरी बसावं लागतं. माझा कामाचा वेळ घेतला म्हणून दोघा पोलिसांनी आधी माझी माफी मागितली. मग गृहस्थ म्हणाले, "मोरिता-सानांनी रायफलसाठी अर्ज केला आहे. त्यांना ओळखणारे म्हणून त्यांनी तुमचं नाव दिलंय. माणूस कसा आहे, तेवढं सांगाल का?"

मोरिता-सान आमचे release manager. मी bridge SE, म्हणजे पुण्यातली टीम आणि इथले जपानी लोक यांच्यामधला पूल. पुण्याने software लिहायचं, मी ते इकडे समजावायचं, आणि ते प्रत्यक्ष गिऱ्हाइकाच्या मशीनवर कधी चढवायचं हे मोरिता-सानांनी ठरवायचं. या चढवण्याला release म्हणतात. अकरा वर्षं आम्ही शेजारी बसतोय. माझं 'साळवी' त्यांच्या तोंडी 'सारुबी-सान' होतं.

इथे रायफल मिळवणं म्हणजे काय, हे मला त्यांच्यामुळे कळलं. आधी शॉटगन, म्हणजे छऱ्याची बंदूक. त्यासाठी लेखी परीक्षा, नेमबाजीची परीक्षा, डॉक्टरांचं मानसिक आरोग्याचं प्रमाणपत्र. घरात बंदुकीचं कुलूपबंद कपाट, गोळ्यांसाठी वेगळं, आणि दोन्ही बघायला पोलीस घरी येतात. ती बंदूक दहा वर्षं बिनतक्रार सांभाळली की मग रायफलचा अर्ज. परवाना माणसाला सरसकट मिळत नाही, त्या एका बंदुकीपुरता मिळतो. म्हणजे रायफल आधी निवडायची, दुकानात राखून ठेवायची, आणि मग वाट बघायची. मधल्या काळात पोलीस घरी विचारतात, शेजारी विचारतात, ऑफिसात विचारतात.

रायफल निवडायला मोरिता-सान मला घेऊन गेले होते. मला बंदुकीतलं काय कळतं? आमच्या गावी, रत्नागिरीकडे, वडिलांची ठासणीची बंदूक होती. शेतीसंरक्षणाचा परवाना. डुकरं आणि माकडं हाकलायला, आणि दर निवडणुकीला पोलीस स्टेशनात जमा करायला. तेवढंच माझं ज्ञान. मी तसं म्हणालोसुद्धा.

"तुम्हाला बंदुकीसाठी नेत नाही," मोरिता-सान म्हणाले. "डबल चेकसाठी नेतोय."

डबल चेक म्हणजे release च्या दिवशी एकाने यादी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने त्या त्या गोष्टीकडे बोट दाखवून बघायचं आणि 'योश' म्हणायचं. योश म्हणजे ठीक. आमच्या ऑफिसात यावाचून पान हलत नाही. नवीन आलेली पुण्याची पोरं हसतात. मीही हसायचो.

दुकान छोटं. काचेआड रायफली उभ्या. मालक सत्तरीचे, अंगात एप्रन. त्यांनी मला बघितलं आणि अदबीने म्हणाले, "आपल्याकडे परवाना नाही ना? मग हात लावू नये, एवढी विनंती." मी जे हात पाठीमागे बांधले ते बाहेर पडेपर्यंत सोडले नाहीत.

मोरिता-सान डावखुरे. त्यांच्या पिढीला शाळेत दटावून उजव्या हाताने लिहायला लावलं, पण नेम ते डाव्या खांद्यावरून धरतात. रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सारायचा दांडा, सहसा उजवीकडे असतो. डावीकडे बोल्ट असलेली जुनी, चांगली रायफल क्वचित विकायला येते. मालकांनी चार वर्षं हे लक्षात ठेवलं होतं आणि एक आल्याबरोबर फोन केला होता.

मोरिता-सानांनी करून आणलेली यादी मी वाचायला लागलो. "वजन."

मोरिता-सानांनी रायफल दोन्ही हातांवर तोलली. डोळे मिटले. "योश."

"दस्त्याची लांबी."

त्यांनी डोळे मिटूनच रायफल खांद्याला लावली आणि मग डोळे उघडले. रायफलवरच्या दुर्बिणीतलं वर्तुळ पूर्ण दिसलं तर दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा भाग, तुमच्या मापाचा. वर्तुळाला काळी कड आली तर नाही. मान जराही न हलवता ते म्हणाले, "योश." दोनदा, तीनदा, सहादा. मालक बाजूला उभे राहून त्यांचं कोपर बघत होते, आपल्याकडे जुने शिंपी बाही बघतात तसे.

"नळी."

नळीतून त्यांनी प्रकाशाकडे बघितलं. बराच वेळ. माझ्या अंगावर काटा आला. त्या वस्तूमुळे नाही. एवढं लक्ष देऊन मी आयुष्यात काही विकत घेतलं नव्हतं. फ्लॅटसुद्धा नाही.

यादीत शेवटची ओळ होती. मी वाचली. "याच्याशिवाय भागेल का?"

मोरिता-सान थांबले. रायफल मालकांच्या हातात परत दिली आणि मोकळ्या हातांनी उभे राहिले. मला कळलं नाही, म्हणून ते माझ्याकडे वळून बोलायला लागले. त्यांची आई डोंगरातल्या खेड्यात एकटी राहते. गावात शिकारी पाच उरलेत, त्यातला सगळ्यात तरुण एकाहत्तरचा. हरणं शेत खातात ते खाऊ देत, पण गेल्या वर्षी अस्वलाने शेजारच्या गोदामाची फळी फोडली. शॉटगनची गोळी पन्नास मीटरपर्यंत भरवशाची. घराच्या पायरीपासून रानाची कड दीडशे मीटरवर. शनिवार-रविवार ते गावी जातात, पंचायतीने बोलावलं की त्या पाच जणांबरोबर निघतात. आईचं म्हणणं, मी हे घर सोडणार नाही.

"भागणार नाही," ते हळूच म्हणाले. आणि बोट कुठेच न दाखवता, "योश."

त्याच आठवड्यात टेक्ससला माझ्या मामेभावाशी, समीरशी, व्हिडिओ कॉल झाला. मी कौतुकाने हे सगळं सांगितलं. समीर हसत सुटला. "अरे दहा वर्षं? मी दुकानात गेलो, फॉर्म भरला, कॉम्प्युटरवर चेक झालं, तासाभरात रायफल गाडीत! राइट आहे तो आमचा, घटनेतला. कुणाच्या बापाला विचारायचं नाही."

"कशाला घेतलीस?"

"कशाला म्हणजे? घेता येते म्हणून."

मोरिता-सानांना मी हे सांगितलं तेव्हा ते कॅन्टीनमध्ये नूडल्स खात होते. "तासाभरात! छान आहे हो. मला एकदा तसं करून बघायला आवडेल." मग चॉपस्टिक खाली ठेवून म्हणाले, "पण समीर-सानांबद्दल कुणाला विचारलं?"

"कुणालाच नाही."

"म्हणजे ते ठीक आहेत असं त्यांना कुणीच सांगितलं नाही?"

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांना खरोखर समीरची काळजी वाटत होती. तो हक्क आणि हा परवाना यांतलं बरोबर कुठलं, यावर माझं मत बनलेलं नाही. पण एका कारकुनी माणसाला रायफल द्यावी का, हे एवढा मोठा देश त्याच्या शेजारणीला आणि माझ्यासारख्या परदेशी माणसाला विचारतो, याने मी थक्क झालो होतो. आणि बरोबर त्याच ठिकाणी मी घाण केली.

मीटिंग रूममध्ये गृहस्थांनी विचारलं, "त्यांना कधी रागावलेलं बघितलंय? दडपण आलं की ते कसे वागतात?"

याचं उत्तर माझ्याइतकं चांगलं कुणाकडेच नव्हतं. त्याच्या दोन वर्षं आधी, एका शनिवारी सकाळी, एका गोदाम कंपनीच्या system चा release होता. पुण्याहून आलेली script आधी नकली data वर चालवून बघायची असते, तिला dry run म्हणतात. मला उशीर झाला होता. मी dry run न करताच 'झालं' असं टिक केलं. एका गोदामातल्या मालाची सगळी नोंद पुसली गेली. ट्रक रांगेत उभे. फोनवर गिऱ्हाईक ओरडत होतं. मोरिता-सान उभे राहून, ओरडणाऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबून, एकेक पायरी सांगत होते. दुपारी दोनपर्यंत सगळं परत आलं. रिपोर्टमध्ये त्यांनी लिहिलं: 'यादी माझी होती. यादीत तपासणीची एक पायरी अपुरी होती.' चूक माझी होती, हे त्यांना माहीत होतं. व्हेंडिंग मशीनजवळ मला कॉफीचा डबा देत ते एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी dry run, सारुबी-सान."

ही गोष्ट सांगितली असती तर त्यांचा परवाना तिथेच झाला असता. पण शेजारी हायाशी-सान बसल्या होत्या, आणि महिन्याभरात माझं appraisal होतं.

मी म्हणालो, "आमची कामापुरती ओळख आहे. रागाबद्दल मला खात्रीने काही सांगता येणार नाही."

तरुण बाईंचं पेन थांबलं. "अकरा वर्षं शेजारी बसता ना?"

"हो. पण व्यक्तिगत फारसं माहीत नाही."

त्यांनी लिहून घेतलं. वाकून आभार मानले. हायाशी-सान बाहेर पडताना म्हणाल्या, "तुम्ही फार जपून बोलता हो." त्यांनी ते कौतुक म्हणून म्हटलं.

पुढे कित्येक दिवस मी स्वतःला समजावलं की हा लहानपणचा संस्कार. आमच्याकडे पोलीस दारात आले की 'आपल्याला काही ठाऊक नाही' हे घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. त्यात तथ्य आहे. पण त्या दिवशी मला पोलिसांची भीती वाटली नव्हती.

सहा आठवड्यांनी मोरिता-सानांनी रायफलची यादी माझ्यासमोर घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवली. अर्ज फेटाळला नव्हता. 'सध्या मागे घेतलात तर बरं' असं सुचवलं होतं. इथे असं सुचवलं की माणूस मागे घेतो.

"कारण सांगितलं?"

"ओळखीच्या एका माणसाला माझ्याबद्दल खात्री देता आली नाही म्हणे. कोण ते सांगत नाहीत." त्यांनी ड्रॉवर बंद केला. "खालच्या मजल्यावरच्या ओगावा-सान असणार. सात वर्षांत मी त्यांच्याशी 'गुड मॉर्निंग'पलीकडे बोललो नाही. चूक माझी आहे. मी चांगला शेजारी झालो नाही."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "असेल."

त्यांनी सुधारायला सुरुवात केली. एखादा आपल्याला नडला तर त्याच्यावर खार खायचा, हे मला ठाऊक आहे. त्याच्या दाराबाहेरचा बर्फ काढायचा, त्याचा मोठा कचरा ठरल्या दिवशी खाली नेऊन ठेवायचा, गावाहून आणलेले पीच पहिल्यांदा त्याला द्यायचे, हे मी त्यांच्या बाबतीत बघितलं. वसंतात एकदा त्यांच्याकडे योकोहामाला गेलो तर जिन्यात ओगावा-सानांनीच मला अडवलं. वय पंचाहत्तर, हातात झाडू.

"तुम्ही ऑफिसातले ना? मोरिता-सानांना झालंय काय?"

"का हो?"

"माझा झाडू हातातून काढून घेतात. आज मी लपवून आणलाय. तब्येत बरी आहे ना त्यांची? पोलीस आले होते, त्यांना मी अर्धा तास सांगितलं, यांच्यासारखा माणूस नाही. चहा गार झाला त्यांचा. आता म्हणे परवाना नाही मिळाला. मी जास्त बोलले का?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही बरोबर बोललात."

"त्यांना सांगू नका बरं. पोलीस म्हणाले होते, कुणाला बोलू नका."

त्या शरद ऋतूत अस्वल त्यांच्या आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, पर्सिमनच्या फळांनी लगडलेल्या झाडावर चढलं. बाईंना काही झालं नाही. पण दोन दिवस त्या आत कोंडून होत्या. शिकारी आले तोवर ते निघून गेलं होतं. मोरिता-सान जाऊन त्यांना घेऊन आले. घराला कुलूप. रायफल असती तर हे टळलं असतं का, मला माहीत नाही. मोरिता-सान आठवड्यातले पाच दिवस इथेच असतात. पण त्यांच्या आईने गाव सोडलं ते 'आता तुझ्या हातातही काही नाही' असं म्हणून, हे मला त्यांनीच सांगितलं.

त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्या कचऱ्याच्या तक्त्यासमोर चष्मा लावून बसल्या होत्या. "गावात जळणारा आणि न जळणारा. इथे दहा प्रकार! पोरं करतात काय दिवसभर, कचराच निवडतात?" मग मी कोण ते कळल्यावर त्या उठल्या आणि जमिनीपर्यंत वाकल्या. "तुम्ही सारुबी-सान. माझ्या मुलाला ऑफिसात सांभाळून घेता. फार उपकार आहेत."

रायफल उत्तरेतल्या दुसऱ्या एका डावखुऱ्या माणसाने नेली. दुकानाच्या मालकांनी माफीचं पत्र पाठवलं. पत्र हाताने लिहिलेलं होतं.

धंद्यातला धडा सांगायचा तर एवढाच, की status mail मध्ये 'खात्रीने सांगता येणार नाही' हे वाक्य चालतं, कारण खाली कुणीतरी पुढची तारीख विचारतं. माणसाबद्दल ते वापरलं की कुणी पुढचं विचारत नाही.

या महिन्यात मोरिता-सानांनी पुन्हा अर्ज केला आहे. दुसरी रायफल, उजव्या बोल्टची. तिची सवय करून घेईन म्हणतात. ओळखीच्या माणसांत पुन्हा माझं नाव आहे. पोलीस आले की मी त्या शनिवारची सगळी गोष्ट सांगणार आहे, शेजारी हायाशी-सान असल्या तरी.

पण ते पोलिसांचं झालं. मोरिता-सानांना मी अजून हे सांगितलेलं नाही की तो माणूस मी होतो. मी हे मराठीत लिहिलंय, आणि त्यांना मराठी येत नाही. त्यांना हे त्यांच्या भाषेत, समोर बसून सांगणं मी देणं लागतो. त्यांच्या आईची आणि ओगावा-सानांची माफी मागणंही. यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.