टेलेक्सवाली वनमाला

त्र्याऐंशी साली विक्रोळीच्या आमच्या कारखान्यात टेलेक्सचं यंत्र एकच होतं, पण टेलेक्स पुष्कळ होते. चुगलखोर कामगार म्हणजे टेलेक्स. बायकोचा कॅन्टीनपर्यंत पोचलेला निरोप म्हणजे टेलेक्स. आमच्या बिल्डिंगीत खिडकीशी बसणाऱ्या शकुमावशीही टेलेक्सच; त्यांना वीजसुद्धा लागत नसे.

खरं यंत्र चालवणारी वनमाला परब मात्र बोलायचीच नाही. कलकत्त्याच्या मुख्य कचेरीत कुणी टाइप केलं, की इथे तिच्यासमोर कागदावर अक्षरं खडखडत उमटायची. कागद फाडायचा, घडी घालायची, साहेबांना नेऊन द्यायचा. मी शेजारच्या टपालखात्यात.

"काय आलं गं?"

"कागद."

एका शुक्रवारी नागपूरला बदली झालेल्यांची यादी आली. जाहीर सोमवारी व्हायची होती. त्यात तिचा सख्खा दीर राजाराम होता, रंगखात्यातला. रविवारी त्याचा साखरपुडा, आणि मुलीच्या वडिलांची अट एकच: जावई मुंबईत हवा. वनमालानं साखरपुड्यात मुलीची ओटी भरली, पाहुण्यांना आग्रहानं वाढलं, आणि यादीबद्दल अक्षर काढलं नाही.

सोमवारी यादी फळ्यावर लागली. संध्याकाळी मुलीकडून नकार आला.

मंगळवारी भर कॅन्टीनमध्ये राजाराम तिच्यासमोर उभा राहिला. "वयनी, माका एकट्याक सांगलंस असतंस तर काय बिघडला असता?"

"कागदार बावीस नावां होती, भावजी. बाकीच्या एकवीस घरांत मी वयनी नाय."

तो नागपूरला गेला. त्याची पत्रं भावाला यायची, आणि त्यांत वहिनीला नमस्कार नसायचा. सगळ्यांची चौकशी असायची, शेजारच्या कुत्र्याचीसुद्धा.

तिसऱ्या वर्षी कारखान्याच्या पत्त्यावर तिच्या नावानं आंतर्देशीय पत्र आलं. मीच नेऊन दिलं. वाचून तिनं ते माझ्याकडे सरकवलं.

"वाच. हे कंपनीचं नाही."

दोनच ओळी होत्या. "वयनी, हयसर सुकट मिळना नाय. बाकी ठीक."

ती खिडकीकडे तोंड करून बसली. यंत्र खडखडायला लागलं, तेव्हा कुठे वळली.

दुसऱ्या दिवशी आमच्या टपालखात्यातून नागपूरला एक पुडकं गेलं. आठवडाभर वास जात नव्हता. नोंदवहीत मी 'सुटे भाग' असं लिहिलं, आणि साहेबांनी नाक दाबून सही केली.