दिवाळसणाची डिक्शनरी

वकिलाच्या ऑफिसात अशील येतात, जातात. किस्से मात्र आम्हा कारकुनांकडे साचतात. नाशकात रावसाहेब वकिलांकडे आम्ही दोघंच कारकून, मी आणि दातार. त्यामुळे निम्म्या किश्शांत दातार आहेत आणि उरलेल्या निम्म्यांत माझी जळफळ.

*

सासऱ्यांनी मला दिवाळसणात इंग्रजी डिक्शनरी दिली. मी ती ऑफिसात ठेवली आणि तिथंच फसलो. दातार माझ्या आधी येऊन ती उघडून बसायचे. एकदा रावसाहेबांनी 'यूज' आणि 'यूसेज' यांतला फरक विचारला. एक वापर, दुसरी रूढी, असं दातारांनी फाडकन सांगितलं. सासरे माझे, डिक्शनरी माझी, आणि वाहवा दातारांची!

*

माझ्या एका मसुद्यावर रावसाहेबांनी 'यूसलेस' असा शेरा मारला. मी तो शेरा पुन्हा पुन्हा वाचत होतो. दातार आपुलकीने उठले, माझीच डिक्शनरी माझ्यापुढे धरली आणि शब्दावर बोट ठेवलं.

"निरुपयोगी," ते हळूच म्हणाले. "कठीण शब्द आहे, लक्षात राहत नाही."

*

पुढे मोठा कारकून नेमायची वेळ आली. ज्याचं इंग्रजी पक्कं त्याला ती जागा, असं रावसाहेबांनी जाहीर केलं. मला जेवण गोड लागेना. डिक्शनरी घरी आणा, असं बायकोने बजावलं. आणायला गेलो तर दातार ती वाचत होते, म्हणून तसाच परतलो.

*

चांदवडचा एक कांदेवाला आला. विहिरीवर जायची त्याची वाट पाटलाच्या शेतातून होती, ती पाटलाने बंद केली होती.

रावसाहेबांनी समजावलं, "कायद्यात 'यूजर' म्हणजे वापरणारा माणूस नव्हे, वहिवाट. उघडपणे, कुणाला न विचारता, वर्षानुवर्षं वापरलं की हक्क लागतो."

"लय वर्सं जातोय, साहेब. पण दर खेपेला पाटलाला इचारूनच. न इचारता बरं दिसत नाय."

रावसाहेबांनी कपाळाला हात लावला. ही तर पाटलाची मेहेरबानी झाली, हक्क कसला, असं म्हणून त्यांनी कागद मिटले.

*

त्याच संध्याकाळी दातार चहाला गेलेले पाहून मी डिक्शनरी उचलली आणि रावसाहेबांपुढे उभा राहिलो. ही माझी आहे आणि दातार न विचारता वापरतात, असं एका दमात सांगून टाकलं.

"उघडपणे?"

"सगळ्यांदेखत. रोज."

"तुम्ही कधी हटकलंत?"

"नाही. बरं दिसत नाही."

"आणि तुम्हाला लागते तेव्हा?"

"दातारांना विचारून घेतो."

रावसाहेबांनी डिक्शनरी माझ्या हातातून घेतली आणि दातारांच्या टेबलावर नेऊन ठेवली.