गजालीकाकांची जागा

सुदाम बोटीत गुदमरला तेव्हा खणाच्या तोंडाशी मी असायला हवा होतो. मी नव्हतो. त्याची शिक्षा मात्र गजालीकाकांनी भोगली.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचा सुमार. खारदांड्याजवळच्या एका यार्डात मासेमारीचे ट्रॉलर दुरुस्तीला येत. काका तिथले सुपरवायझर, मी त्यांच्या हाताखाली नवा. ते अखंड गजाली, म्हणजे गप्पा, करत, म्हणून कामगारांनी त्यांना हे नाव दिलेलं. मासे ठेवायच्या खणात कुजकं पाणी साचतं आणि त्याच्या हवेनं माणूस बघता बघता कोसळतो. म्हणून काका झाकणं उघडून खण आधी वाऱ्यावर ठेवत. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर; त्याचं टोक धरून सुपरवायझरनं स्वतः वर बसायचं आणि खालच्याशी बोलत राहायचं. उत्तर थांबलं, की खेचायचं.

"सुदाम्या, बायकोन काल घरात घेतल्यान काय रे?" काका वरून ओरडत.

"घेतलं ना! ती तुमच्यासारखं डोकं नाय खात!" खालून सुदाम.

काका खूश. "गाळी घाल, पण गप रवा नको," असं ते प्रत्येकाला बजावत. मला या थट्टेची लाज वाटे. माझ्यासारख्या डिप्लोमा झालेल्या माणसानं कामगारांशी असल्या गजाली कशाला करायच्या?

त्या दिवशी सुदाम खाली उतरल्यावर काका मला दोरापाशी बसवून दुसऱ्या बोटीकडे गेले. तेवढ्यात मालकांची गाडी फाटकातून आत आली. भोकात तोंड घालून बडबडताना त्यांनी मला बघू नये, म्हणून मी दोर खुंटीला अडकवला आणि पुढे जाऊन नमस्कार केला. परतून हाक मारली, तर खालून उत्तर नाही. माझ्या ओरडण्यानं काका धावत आले. आम्ही दोर खेचला. सुदाम गेला होता.

"वर कोण होतं?" मालकांनी विचारलं.

"जबाबदारी माझी," काका म्हणाले. मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडलं नाही.

काकांना काढलं. पुढे कुठल्याच यार्डानं त्यांना घेतलं नाही. त्यांची जागा मला मिळाली.

बऱ्याच वर्षांनी दिंडोशीला, त्यांच्या मुलाच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

"माका म्हायत आसा," काका म्हणाले. "खुंटीवरचो दोर मी बघलंय."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुका थंय बसवलो कोणी? मीच मां? आणि बोलान सुदाम्या उठतलो होतो?"

ज्याच्यासाठी आलो होतो तेवढंच उरलं.

"माझं चुकलं, काका. मला माफ करा."