जर्मन की जपानी
सुक्या बोंबलांची पिशवी उघडली, की त्या वासासरशी करंजा बंदरातल्या मावशीकडची दुपार आठवते. पनवेलच्या भाषावर्गाचे प्रवेश संध्याकाळी बंद होणार होते आणि जर्मन की जपानी, हे माझे ठरत नव्हते. मावशी उन्हात काठ्यांवर बोंबील अडकवत होती. मी तिच्यामागे फिरत दोन्हींची लिपी, व्याकरण, संशोधनाच्या संधी तोलत होते. "पन तिकरच्या लॅबमधी इंग्लिश चालतंय ना गो? मंग ही मेहनत कशाला?" तिने विचारले. बाजूला बसून बोंबील धुणारी आई मान वर न करता म्हणाली, "कामापुरतं इंग्रजी चालतं. हिला तिथं कायमचं राहायचंय." हे मी स्वतःशीही कबूल केले नव्हते, तरी नाकारले नाही. कायमचे राहणे जर्मनीत सोपे, म्हणून जर्मनला प्रवेश घेतला. आता जर्मनीतून फोन करते तेव्हा आई परतीचे कधीच विचारत नाही, आणि फोन ठेवल्यावर मी खोलीत येरझारा घालत राहते.