कॉम्प्युटरच्या फाटकावरचा बाबाराव

गोळीबार चौकाजवळच्या आमच्या विणकर सोसायटीत बाबाराव पौनीकरनं जन्मभर एकच काम केलं. फाटकावर बसून माणसं अडवली. सुताच्या गोदामातून घरी निघालेल्या विणकराची पिशवी तो अशी उपसायचा, जणू तीत आख्खी गिरणीच लपवली आहे. जनाबाई विणकरीण चिडून म्हणायची, "बाबाराव, डब्यातली भाजी भी चाखून पाय ना गा!" तो चाखायचाही. अध्यक्षांची जीप आली की मात्र फाटक सताड उघडं आणि बाबारावचा हात कपाळाला. जीपमधून काय गेलं, हे विचारणारा विणकर सभासद मी एकटाच होतो, आणि मला सभेत खुर्ची मिळत नसे.

एकोणनव्वद साली सोसायटीनं कॉम्प्युटर घेतला. मागाला सूत नव्हतं, पण मशीनला गारवा हवा म्हणून एसी आला. चालवायला प्रेमिला नंदनवार ही पोरगी आली, तीही रोजंदारीवर. सीताबर्डीचा इंजिनिअर मशीनमध्ये एक पहारा बसवून गेला. बाहेरची फ्लॉपी आत काही लिहू लागली की मशीन शिट्टी मारायचं आणि विचारायचं, येऊ द्यायचं का? पहारा चालू करायला एक शब्द, बंद करायला दुसरा. हे शब्द कोणाच्या ताब्यात द्यावेत, यावर संचालक मंडळानं चहा पीत विचार केला. पहारा म्हणजे बाबाराव, ठरलं.

बाबारावनं ते दोन इंग्रजी शब्द पाठ केले आणि एका बोटानं ठोकू लागला. त्याचं स्टूल फाटकावरून कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात आलं. प्रेमिलाच्या फ्लॉपीवर शिट्टी वाजली की विचारायचा, "कोनाची हाय? काहून आनली वं?"

"काका, तुमीच तं काल कपाटातून काढून देल्ली!"

"काल देल्ली. आज कोनाची हाय ते सांग."

दुपारी अध्यक्षांचे जावई गेम खेळायला यायचे. पहिल्याच दिवशी त्यांच्या फ्लॉपीवर शिट्टी वाजली आणि बाबाराव शरमेनं अर्धा झाला. साहेबांच्या जावयाला मशीननं 'तू कोण' विचारावं! तेव्हापासून जावई दिसले की हा उठायचा, सलाम ठोकायचा, पहारा बंद करायचा. ते गेले की चालू.

दिवाळीच्या तोंडावर मशीन बंद पडलं. सभासदांचा सगळा हिशेब पुसला गेला. इंजिनिअर म्हणाला, बाहेरच्या फ्लॉपीसोबत किडका प्रोग्राम आत आला, आणि तोही पहारा बंद असताना. अध्यक्षांना समोर प्रेमिलाच दिसली. तिच्या रोजीवर आजारी बापासकट सारं घर चालत होतं.

चौकशी बसली. सभासदांच्या वतीनं मलाही आत घेतलं, उभंच ठेवलं. अध्यक्ष कारकुनाला म्हणाले, "लिहा. प्रेमिलानं बाबारावची नजर चुकवून पहारा बंद केला. उद्यापासून तिला कमी करा."

प्रेमिला रडकुंडीला आली. मी टेबलावर हात आपटला. कोणी ढुंकून पाहिलं नाही. पण स्टुलावरून बाबाराव ताडकन उठला.

"कोनाची नजर चुकवून?"

"तुमची. बसा."

"माही? साहेब, ते लिवलेलं कापा आधी. माह्या फाटकातून चोरून आजवर मुंगी नाही गेली!"

अध्यक्ष दात आवळून म्हणाले, "अहो, तुम्हालाच वाचवून राहिलो आम्ही."

"कायचं वाचवता? इज्जत घेऊन राहिले माही! हे पोट्टी काय माही नजर चुकवते? पहारा म्या बंद केला, ह्या हातानं. जावईबापू आले का मी उठतो, सलाम करतो, बंद करतो, मंगच ते फ्लॉपी घालतेत. रोज! विचारा त्यायले, एक दिस तरी सलाम चुकला का?"

कारकुनानं पेनाचं टोपण लावलं. इंजिनिअर छताकडे पाहू लागला. चौकशी 'तांत्रिक बिघाड' म्हणून मिटली. प्रेमिलाची खुर्ची राहिली, बाबारावचं स्टूल मात्र परत गोदामाच्या फाटकावर गेलं.

दुसऱ्या सकाळी जीप आली. बाबारावनं फाटक सताड उघडलं, हात कपाळाला. माझं डोकं फिरलं.

"काहून गा बाबाराव? कालच्या तमाशानंतर भी सलाम?"

"चोरून गेली का ते? माह्यासमोरून गेली ना?" असं म्हणत त्यानं माझ्या खांद्यावरची पिशवी ओढली. "दाखव, काय हाय हिच्यात."