दारूबंदीचा वाकडा बोर्ड

माझ्या हाताच्या थरथरीचा दोष मी दोन वर्षं बायकोच्या कपडे धुण्याच्या पावडरीवर टाकला. शेवटी तर गावातल्या बायांसमोर टाकला. म्हणून कबुलीही चारचौघांतच देतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबला पेंटर आहे. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, पोळ्याला बैलांची शिंगं. सकाळी ब्रश धरला की हात हलायचा. दारूची एक क्वार्टर पोटात गेली की रेघ सरळ. याला मी कलाकाराची सवय म्हणायचो. माझे ब्रश रोज बायको धुवायची, त्यामुळे वाकड्या रेघेचं खापर तिच्यावर. पावडरीनं ब्रशाचे केस बिघडतात, असं मी सासुरवाडीलाही फोन करून कळवलं होतं.

तिच्या बचत गटानं एसटी थांब्याच्या भिंतीवर दारूबंदीचा बोर्ड रंगवायचं ठरवलं. "माया माणूस काढून देते," असं ती गटात सांगून आली. घरी मला म्हणाली, "एवढा बोर्ड तरी न घेता काढा जी. पिऊन दारूबंदी लिहिली त मी गटात तोंड कसं दाखवू?"

मी शब्द पाळला. सकाळी अख्खा गट भिंतीपुढे उभा होता. 'दा' काढला, तो झोपाळ्यावर बसल्यासारखा. 'रू' घसरून खाली आला. समोरच्या गॅरेजमधले मिस्त्रीचाचा हात पुसत आले.

"पेंटर, बोर्डानं सकाळीच घेतली का?"

बाया हसल्या. मी बायकोकडे बोट दाखवलं. "हिनं ब्रश खराब केले."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

चाचा गॅरेजमध्ये जाऊन कोरा ब्रश घेऊन आले. त्यावरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. मी 'बं' काढला. तो 'दा'पेक्षा वाकडा.

"हा बी भाभीनंच धुतला का?" चाचांनी विचारलं.

गटातल्या, गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंनी मला स्टुलावरून उतरवून पाणी दिलं. अर्धं शर्टावर सांडलं. अंगाला घाम सुटला होता.

"भाऊ, रोज सकाळी असंच होते का? अन् घेतली का मंग थांबते?"

"हो."

"मंग हे ब्रशाचं नाही, डॉक्टरचं काम हाये."

मी लगेच शपथ घ्यायला निघालो. आधी चार वेळा घेतली होती, दर वेळी वेगळ्या देवाची, म्हणजे कोणाच्या लक्षात येणार नाही. आशाताईंनी थांबवलं. "शपथ नका घेऊ. रोज पेणाऱ्यानं घरीच एकदम सोडली त झटके येऊ शकते. आजच यवतमाळले जा."

यवतमाळला डॉक्टरांनी विचारलं, "किती घेता?"

"कधीमधी. एखादी क्वार्टर."

"दोन. रोज," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी तिचंच लिहून घेतलं. हात थरथरणं, घाम, घेतल्यावरच बरं वाटणं, ठरवूनही न सुटणं, हे सगळं त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. म्हणाले, शरीरच दारूवर अवलंबून आहे, हे नुसत्या निश्चयाचं काम राहिलेलं नाही. मला भरती करून घेतलं. पहिल्या दिवशी वरण सांडलं, तेव्हा मी सिस्टरला सांगितलं की चमचा खराब आहे. बायकोनं खिडकीबाहेर पाहिलं.

औषधं आणि डॉक्टरांकडच्या चकरा अजून चालू आहेत. घरी आल्यावर पुढच्या आठवड्यात मी पुन्हा भिंतीपुढे गेलो. तोच गट, तेच चाचा. ब्रश बायकोनं धुतलेले. जुनी अक्षरं चुन्यानं झाकून नवी काढली. 'दी'ची वेलांटी थोडी हलली, पण सगळ्यांनी चालवून घेतली. मी स्टुलावरून उतरलो आणि सगळ्यांच्या देखत बायकोला म्हणालो, "ब्रश चांगलेच होते. हात माया खराब होता. मले माहीत होतं, तरी मी तुयं नाव घेतलं. मले माफ कर. तुया माहेरीही आजच फोन करून सांगतो."